विश्लेषण : वाटूरच्या पोरांचे ‘कोशिएन’ कुठे आहे?

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो. परतूर तालुक्यातले हे गाव मराठवाड्यातल्या कोणत्याही फाट्यावरच्या गावासारखेच. आसपास कपाशी, सोयाबीन, तूर. संध्याकाळी मोकळ्या रानात टेनिस बॉलचा सामना आणि सामना संपला की पोरांच्या हातात मोबाइल. या मोबाइलवर आता क्रिकेटच्या रीलइतकेच ‘अ‍ॅनिमे’ म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचे तुकडे दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी चित्रपट भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही प्रदर्शित झाला. हा प्रेक्षक आता केवळ महानगरांपुरता उरलेला नाही, हे वितरकांनी ओळखले आहे.

या अ‍ॅनिमेमध्ये तलवारी आणि राक्षसांपलीकडे एक जुना, शांत प्रवाह आहे. शाळकरी मुले, बेसबॉलचे मैदान, दोन प्रतिस्पर्धी आणि त्यांच्यामध्ये वाढणारे प्रेम. वरवर पाहता बेसबॉलचा आणि वाटूरचा संबंध नाही. पण या गोष्टी जपानमध्ये घराघरांत का पोहोचल्या, हे पाहू गेल्यास मराठवाड्यातल्या शालेय खेळांबद्दलचा एक अवघड प्रश्न समोर येतो.

या प्रवाहातली सर्वात गाजलेली मालिका कोणती?

‘टच’. मित्सुरु अदाची या चित्रकथाकाराची ही चित्रमालिका १९८१ ते १९८६ या काळात एका जपानी साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्यावर बेतलेली दूरचित्रवाणी मालिका १९८५ ते १९८७ दरम्यान १०१ भागांत दाखवली गेली. पुस्तकरूपात तिच्या १० कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत.

कथा साधी आहे. तात्सुया आणि काझुया हे जुळे भाऊ. शेजारच्या घरातली मिनामी ही त्यांची बालमैत्रीण. काझुया मेहनती, अभ्यासात हुशार आणि शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. तात्सुया आळशी, सदा मागे राहणारा. राष्ट्रीय शालेय स्पर्धेच्या मैदानावर आपला संघ पाहावा, हे मिनामीचे लहानपणापासूनचे स्वप्न. ते पूर्ण करायला काझुया निघतो. पण विभागीय अंतिम सामन्याच्या दिवशी वाटेत एका लहान मुलाला वाचवताना ट्रकखाली त्याचा मृत्यू होतो. पुढची सारी मालिका मागे उरलेल्या भावाची आहे. मेलेल्या भावाची जागा घ्यायची की नाही, त्याच्या मैत्रिणीवर प्रेम करायचे की नाही, आणि जो आता मैदानावर येऊच शकत नाही त्याच्याशी स्पर्धा कशी करायची, हे तात्सुयाचे तीन प्रश्न आहेत.

या गोष्टीतला प्रतिस्पर्धी शत्रू असतो का?

नसतो, आणि अदाचीच्या लेखनाचे बळ तिथेच आहे. तात्सुयासमोर निट्टा नावाचा दुसऱ्या शाळेचा ताकदवान फलंदाज उभा राहतो. तो खलनायक नाही. तात्सुयाचा खेळ खरा किती उंचीचा आहे, हे त्याच्यामुळेच कळते. अदाचीच्या पुढच्या ‘एच टू’ या मालिकेत (१९९२ ते १९९९) तर दोन जिवलग मित्रच वेगवेगळ्या शाळांकडून एकमेकांसमोर उभे ठाकतात.

आपल्याकडच्या गोष्टींत प्रतिस्पर्धी बहुधा हरवायचा आणि विसरायचा असतो. इथे तो जपायचा असतो. कुस्तीच्या फडात जोड तोलामोलाची असेल तरच कुस्ती रंगते, हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको. अदाची तीच गोष्ट पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मनात नेऊन ठेवतो.

कोशिएन म्हणजे काय?

या साऱ्या कथांमध्ये मुलांना जिथे पोहोचायचे असते, ते मैदान. जपानमधील निशिनोमिया शहरातले कोशिएन मैदान १९२४ मध्ये उभे राहिले. शालेय बेसबॉलची उन्हाळी राष्ट्रीय स्पर्धा त्याच्याही आधीची, १९१५ पासूनची. देशभरातल्या सुमारे साडेतीन हजार शाळांचे संघ आपापल्या प्रांतात खेळतात आणि त्यातून फक्त ४९ संघ ऑगस्टमध्ये कोशिएनला पोहोचतात. सामने बाद पद्धतीचे. एक हरला की संपले.

हे सामने राष्ट्रीय वाहिनीवरून थेट दाखवले जातात. सामना जिंकणाऱ्या शाळेचे गीत मैदानावर वाजते आणि खेळाडू रांगेत उभे राहून ते गातात. हरलेली मुले मैदानातली काळी माती पिशवीत भरून घरी नेतात. म्हणजे हरणाऱ्यालाही नेण्यासारखे काहीतरी असते. अदाचीला आपली गोष्ट रचताना ही स्पर्धा कल्पनेतून उभी करावी लागली नाही. ती समाजाने आधीच उभी केली होती. त्याने फक्त तिच्या भोवतीची मुले लिहिली.

गावाकडच्या शाळेला तिथे खरेच जागा मिळते का?

२०१८ चे उदाहरण बोलके आहे. ती स्पर्धेची शंभरावी खेप होती. उत्तरेकडच्या अकिता प्रांतातली कानाआशी नोग्यो ही सरकारी शेतकी शाळा त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. देशभरातून खेळाडू गोळा करणाऱ्या बड्या खासगी शाळांसमोर हा आसपासच्या गावांतल्या मुलांचा संघ. अकिताचा संघ त्याआधी अंतिम फेरीत गेला होता तो थेट १९१५ साली, पहिल्याच स्पर्धेत. अंतिम सामन्यात ओसाका तोइन या बलाढ्य शाळेने त्यांना १३-२ असे हरवले. तरीही त्या उन्हाळ्यात जपानमध्ये चर्चा झाली ती हरलेल्या शेतकी शाळेची.

वाटूरच्या वाचकाने इथे थांबून विचार करावा. शेतकऱ्यांची पोरे, सरकारी शाळा, स्थानिक मैदान. यातले काय मराठवाड्यात नाही? मुले आहेत, शाळा आहेत. नाही ती फक्त त्यांच्याकडे पाहणारी नजर.

भारतात अशी मालिका करण्याचा प्रयत्न झाला होता का?

झाला होता, आणि त्याचे कथानक मुंबईतलेच होते. डिसेंबर २०१२ मध्ये ‘कलर्स’ वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही २६ भागांची अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. जपानी आणि भारतीय कंपन्यांनी मिळून ती बनवली होती. ‘क्योजिन नो होशी’ ही १९६६ मध्ये सुरू झालेली बेसबॉलवरची जपानी चित्रमालिका तिचा आधार. त्यातला गरीब घरातला मुलगा इथे मुंबईच्या वस्तीतला सूरज झाला, श्रीमंत प्रतिस्पर्धी विक्रम झाला आणि बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले. मुलाला कठोरपणे घडवणारा, स्वतःचे अपुरे स्वप्न त्याच्या खांद्यावर ठेवणारा बाप मात्र दोन्हीकडे तोच राहिला.

खेळ बदलला, नावे बदलली, शहर बदलले. तरी मालिका इथे रुजली नाही. अशा अपयशाला प्रक्षेपणाची वेळ, जाहिरात अशी अनेक कारणे असू शकतात. पण एक कारण कथेतच आहे. जपानी मूळ कथेला शाळेपासून व्यावसायिक संघापर्यंतची एक शिडी गृहीत धरता येते. प्रेक्षकाला ती पायरी पायरीने माहीत असते. भारतीय प्रेक्षकाला वस्तीतला मुलगा आणि भरलेले मोठे मैदान, ही दोन टोके माहीत असतात. मधल्या पायऱ्या त्याने कधी पाहिलेल्याच नसतात. त्यामुळे अशी गोष्ट आपल्याकडे प्रवासाची न राहता चमत्काराची होते.

मग मराठवाड्यात गुणवत्ता कमी आहे का?

मुळीच नाही. जालन्याचा विजय झोल हे उदाहरण समोर आहे. या डावखुऱ्या फलंदाजाने २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१२ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या १९ वर्षांखालील भारतीय संघात तो होता आणि २०१४ च्या विश्वचषकात तो या संघाचा कर्णधार होता. त्या संघात संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव होते. त्याच वर्षी जानेवारीत शारजात झालेल्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध झोल आणि सॅमसन या दोघांनीही शतके झळकावली होती. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध संघ ४ बाद ३२ अशा अवस्थेत असताना ९६ धावा केल्या आणि भारताला अंतिम फेरीत नेले.

अशी नावे निघाली की जिल्ह्यात फलक लागतात, सत्कार होतात. पण कोणी जालन्याहून वर गेला, की जिल्हा त्याला बातम्यांतून पाहतो. तो ज्यांच्याविरुद्ध खेळून मोठा झाला, ती मुले कोण होती, हे कोणी विचारत नाही. अदाचीच्या मालिकेत त्या मुलांनाही नाव असते, घर असते, हरल्यानंतरची एक संध्याकाळ असते. आपल्याकडे यशाची गोष्ट एकट्याची असते. स्पर्धेची गोष्ट किमान दोघांची असावी लागते.

शालेय स्पर्धा तर होतातच, मग अडते कुठे?

कागदावर शिडी आहे. राज्याच्या क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा टप्प्यांनी होतात. काही खेळ थेट जिल्हा पातळीवरून सुरू होतात. त्या यादीत सॉफ्टबॉल आहे आणि बेसबॉलही आहे. म्हणजे जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेने ठरवले, तर ‘टच’मधला खेळ तिला खेळताही येईल. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि क्रिकेट यांना एकाच वेळी स्थान दिले. तो निर्णय झालेले अधिवेशन मुंबईतच भरले होते.

अडचण पुढे आहे. शालेय सामन्याचा हेतू हळूहळू प्रमाणपत्र एवढाच उरला आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या सवलती गरजेच्या आहेत. ग्रामीण मुलासाठी तर फारच. पण सवलत हेच खेळाचे एकमेव फळ राहिले, की सामना हा अर्जासोबत जोडायचा कागद होतो. अंतिम सामना सकाळी उरकला जातो. प्रेक्षकांत दोन क्रीडाशिक्षक आणि जेवणाच्या डब्याची वाट पाहणारी मुले. कोण जिंकले, हे दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर लिहिले जाते. कोणाविरुद्ध, कसे, किती थोडक्यात, हे तिथेही नसते.

दुसरी अडचण अधिक कठोर आहे. पावसाळ्यात स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा. मंठा, परतूर या पट्ट्यातून कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यासोबत मुलेही जातात. ऑगस्टमध्ये संघात असलेला मुलगा नोव्हेंबरमध्ये संघात असेलच, याची खात्री कोणताही क्रीडाशिक्षक देऊ शकत नाही. अदाचीच्या गोष्टीत संघातला एक मुलगा अपघाताने जातो आणि सारी मालिका त्याची रिकामी जागा मोजत राहते. इथे दरवर्षी मुले निघून जातात आणि रिकामी जागा हजेरीपटापलीकडे कुठे नोंदवली जात नाही.

आणि प्रेमाचे काय?

‘टच’ ही जितकी खेळाची तितकीच प्रेमाची गोष्ट आहे. मिनामी हे जिंकायचे बक्षीस नाही. तिला स्वतःचे स्वप्न आहे, ती स्वतः जिम्नॅस्टिक्समध्ये उतरते आणि मुलांना खडसावतेही. मैत्री, ओढ आणि संकोच यांना तिथे वेळ मिळतो. १०१ भागांइतका वेळ.

मराठीत खेळ आणि कोवळे प्रेम यांना एकत्र आणणारी सर्वात मोठी कलाकृती म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६). तो गावच्या क्रिकेट स्पर्धेने सुरू होतो. मैदानावर परशा नायक असतो. सीमारेषेबाहेर पडला, की तो पुन्हा आपल्या जातीत परततो. जपानी कथेत दोघांच्या मध्ये मेलेल्या भावाची आठवण उभी असते. मराठी कथेत जिवंत भाऊ उभा राहतो. त्यामुळे हा फरक केवळ कलाकृतींचा राहत नाही, तो दोन समाजांचा होतो. खऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी आधी समोरच्याला बरोबरीचा मानावे लागते. प्रेमासाठीही तेच. ज्या मैदानावर आडनाव विचारून संघ निवडला जातो, तिथे तात्सुया आणि निट्टा जन्माला येत नाहीत. जिथे मुलीचे मैदानावर थांबणे हाच गावच्या चर्चेचा विषय होतो आणि दहावीनंतर तिच्या लग्नाची घाई होते, तिथे मिनामीची गोष्ट पहिल्या भागातच संपते.

मग जपानचा कित्ता जसाच्या तसा गिरवावा का?

नाही. कोशिएनचीही काळी बाजू आहे. २०१८ मधल्या त्याच शेतकी शाळेच्या पिचरने संपूर्ण स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. वाढत्या वयाच्या मुलाच्या खांद्यावर एवढा भार टाकणे योग्य आहे का, यावर जपानमध्ये मोठा वाद झाला. अखेर २०२० पासून एका खेळाडूने आठवड्यात ५०० हून अधिक चेंडू टाकू नयेत, अशी मर्यादा घालण्यात आली. त्यागाचे गोडवे गाणाऱ्या समाजाला हे उमगायला शतक लागले. मुलींनाही या मैदानाची दारे उशिराच उघडली. मुलींच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा अंतिम सामना कोशिएनवर पहिल्यांदा खेळवला गेला तो २०२१ मध्ये. मिनामीच्या पिढीला प्रेक्षकांत बसूनच स्वप्न पाहावे लागले.

याबाबतीत महाराष्ट्राला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. इथे शालेय सॉफ्टबॉल आणि बेसबॉलमध्ये मुलांइतकेच मुलींचेही संघ उतरतात. जी गोष्ट जपानला उशिरा साधली, ती इथे नियमातच आहे. ती व्यवहारात किती गावांपर्यंत पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

वाटूरपासून काय करता येईल?

कोट्यवधींचे क्रीडा संकुल ही पहिली गरज नाही. अनेक तालुक्यांत संकुलाची इमारत झाली आणि खेळ झालाच नाही. पहिली गरज साक्षीदारांची आहे. गावची जत्रा आणि कुस्तीचा फड लोकवर्गणीतून उभा राहतो. पहिल्या बक्षिसाचा इनामी क्रिकेट सामना लागला, की फाट्यावर फलक झळकतो. हीच यंत्रणा वर्षातून एक दिवस तालुक्याच्या शालेय अंतिम सामन्यामागे उभी करता येते. सामना संध्याकाळी ठेवावा, गावातल्याच कोणी मराठीत समालोचन करावे, मोबाइलवरून तो थेट दाखवावा, जिंकणाऱ्या शाळेचे गीत मैदानावर व्हावे आणि हरलेल्या संघातल्या प्रत्येकाचे नाव पुकारले जावे. याला निधी नाही, इच्छा लागते.

शाळांनी आणखी एक करावे. संघातली जी मुले ऊसतोडीला जातात, त्यांची जागा राखून ठेवावी आणि ती परतल्यावर उन्हाळ्यात पुन्हा खेळवावी. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय शासनाच्या धोरणात आहेच. त्या वसतिगृहात वहीसोबत एक चेंडूही असावा. वृत्तपत्रांवरही जबाबदारी आहे. तालुक्याचा शालेय अंतिम सामना चार ओळींत न संपवता दोन्ही कर्णधारांच्या नावांसह छापला, तर ते कात्रण एखाद्या घरात कोशिएनच्या मातीसारखे जपले जाईल.

वाटूरच्या रानात संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांना प्रतिस्पर्धी आहेतच. समोरच्या वस्तीचा, शेजारच्या गावचा, पुढच्या बाकावरचा. कमी आहे ती त्यांची झुंज बघायला थांबणाऱ्या गावाची. जपानने आधी मैदानाभोवती माणसे बसवली, गोष्टी त्यानंतर लिहिल्या गेल्या. मराठवाड्यालाही गोष्ट हवी असेल, तर क्रम तोच ठेवावा लागेल.